अवेळचा आंबा

आमच्या घरातली सगळी तिकिटं मी काढतो. त्यामुळे कुठे जायचं ते दुसऱ्या कुणी ठरवलं तरी कधी जायचं ते मीच ठरवणार, असा माझा समज होता. आत्यानं तो ऑगस्टातल्या एका दुपारी, वसईच्या घरी, झोपाळ्यावर बसल्याबसल्या मोडला. आत्या 71 वर्षांची. तीस वर्षं तिनं शाळेत इतिहास शिकवला. दर वर्षी सातवीच्या मुलांची रांग घेऊन ती वसईच्या किल्ल्यात जायची आणि 1739 सालच्या चिमाजी अप्पांच्या मोहिमेपर्यंत गोष्ट पोचेस्तोवर मुलं डबे उघडून बसलेली असायची. निवृत्त झाल्यावर तिनं पोर्तुगीजांचा पिच्छा पुरवायला घेतला. आता तिला त्यांच्या मुलखातलं एव्होरा बघायचं होतं. ते ठीक. पण जानेवारीत!

मी लॅपटॉपवर मे महिन्याचा तक्ता करून नेला होता. पुढचं सगळं त्या दुपारचं बोलणं. बाहेर पाऊस कोसळत होता, त्यामुळे दोघंही जरा वरच्या पट्टीत होतो.

मी : जानेवारीत तिथे दुपारी 13-14 अंश आणि रात्री 5-6. वर पाऊस. त्यांचा पावसाळा वेगळा नसतो, आत्या. जो पडायचा तो थंडीतच पडतो.

आत्या : निफाडला द्राक्षं राखायला बागेत शेकोट्या पेटवतात, तेवढी थंडी. बर्फ पडतं का?

मी : क्वचित.

आत्या : मग झालं.

मी : निफाडला नऊ वाजता चांगलं ऊन येतं, माणूस अंगणात जाऊन बसतो. एव्होरात जानेवारीत उजाडतं आठच्या सुमाराला आणि साडेपाचला सूर्य गुल. मेमध्ये साडेआठपर्यंत ऊन. हवा पंचविसाच्या आतबाहेर, पाऊस कमी, माळावर रानफुलं. तक्त्यात बघ, आठवड्यात तुला तीसेक तास जास्त उजेड मिळतोय.

आत्या : उजेड काय किलोवर घ्यायचाय? मी पाचला उठते, नऊला झोपते. मधल्या वेळात बघून होईल तेवढं बघीन.

मी : बाहेरची थंडी मीही सोसेन. मला भीती आहे ती आतल्या थंडीची.

इथे मला लिस्बनची गोष्ट काढावी लागली. काही वर्षांपूर्वी कामासाठी डिसेंबरात तिथे पाच रात्री राहिलो होतो, भाड्याच्या खोलीत. फोटोत खोली सुरेख होती, निळ्या टाइल्स वगैरे. प्रत्यक्षात भिंतीला हात लावला तर मडक्यासारखी गार. चादरी धुतलेल्या, पण पुरत्या न वाळलेल्या. आपल्याकडे जुलैत कपड्यांना येतो तो वास त्यांना येत होता. मालकिणीनं एक छोटा पंख्याचा हीटर दिला. तो आणि पाण्याची किटली एकदम लावली की फ्यूज उडायचा. म्हणजे रोज सकाळी निवड करायची : चहा की ऊब. चौथ्या दिवशी मी ओव्हरकोट घालून झोपलो. रस्त्यावर गेलं की बरं वाटायचं, घरात आलं की हुडहुडी. युरोपातल्या उत्तरेकडच्या देशांत असं होत नाही. तिथे बाहेर बर्फ आणि आत माणसं बनियनवर.

आत्या : म्हणजे घर वाईट नव्हतं, ऋतू वाईट होता. एव्होरा ज्यात आहे तो आलेंतेझू म्हणजे त्यांचा तापणारा प्रांत, जुलै-ऑगस्टात पारा चाळिशीपलीकडे जातो. म्हणून जाड भिंती, चुन्याचा पांढरा हात, लहान खिडक्या, पायाखाली दगड. ऊन बाहेर ठेवायला बांधलेलं घर थंडीत ऊनही बाहेरच ठेवणार. आपलं कोकणातलं घर पावसासाठी बांधलेलं, मग फाल्गुनात धूळ येते म्हणून कुणी कौलांना शिव्या देतं का?

मी : शिव्या देत नाही. पण फाल्गुनात पाहुण्यांना बोलवतही नाही.

आत्या : तिथली जुनी माणसं टेबलाखाली निखाऱ्याची शेगडी ठेवायची. टेबलावरून जमिनीपर्यंत जाड कापड आणि सगळ्यांचे पाय त्या कापडात. थंडीत सगळं घर एका टेबलाभोवती. हे मेमध्ये दिसेल?

मी : शेगडी आता हॉटेलातही दिसणार नाही.

आत्या : मग गरम होणारी खोली शोध. ते तुझं काम.

या एका मुद्द्यावर ती मला न विचारता जिंकली, कारण काम खरंच माझंच होतं. ज्यांना थंडीत दक्षिण युरोपात जायचंय त्यांच्यासाठी एवढंच सांगतो : खोली घेताना नजारा, नाश्ता, चांदण्या, सगळं नंतर. आधी खोली कशानं तापते, दिवसभर तापते की रात्री ठरावीक वेळच, आणि पांघरुणं किती, हे लेखी विचारा. उत्तरात नुसतंच ‘इथली हवा सौम्य असते’ असं आलं तर पुढचं हॉटेल बघा.

मग मी जागांकडे वळलो. रोमन देऊळ, कॅथेड्रल, हाडांचं चॅपेल, पाण्याचा पाट. सगळं तटबंदीच्या आत किंवा तिला लागून. लिस्बनपासून 130 किलोमीटर, रेल्वेनं दीड तास. सकाळी जायचं, संध्याकाळी परत. रात्री लिस्बनमध्ये, म्हणजे खोलीचा प्रश्नच नाही.

आत्या : आमच्या किल्ल्यात असेच लोक येतात. गाडीतून उतरतात, कमानीखाली फोटो, परत गाडीत. वसई बघितली म्हणतात.

मी : अख्खं गाव चालत पाऊण तासात पालथं घालता येतं.

आत्या : घाल. मी बसणार आहे. त्या देवळाचे चौदा खांब उभे आहेत, एकोणीसशे वर्षांहून जुने. का उभे आहेत ठाऊक आहे? मध्ययुगात कुणीतरी मधल्या जागा भिंतींनी भरून टाकल्या आणि पुढे त्यात खाटिकखाना काढला. 1836पर्यंत तिथे मटण विकलं जात होतं. लोक त्याला डायनाचं देऊळ म्हणतात, तिचा तिथे काही संबंध सापडलेला नाही. बहुधा सम्राटाच्या पूजेसाठी बांधलेलं. देवाच्या नावानं राहिलं नाही ते खाटकांमुळे राहिलं. ही गोष्ट खांबांसमोर उभं राहून दहा मिनिटांत नाही कळायची. आणि ज्या गावाला 1986पासून जागतिक वारशाचा शिक्का आहे तिथे मेमध्ये त्या खांबांसमोर मी एकटी असेन का?

मी : एकटी जानेवारीतही नसशील.

आत्या : पण छत्र्या वर धरून चालणारे गाइड कमी असतील.

मला तिचं म्हणणं पटत नव्हतं आणि अजूनही पुरतं पटलेलं नाही. गर्दी नको म्हणून वाईट हवेत जाणं म्हणजे सिनेमाला रांग नको म्हणून पडेल सिनेमा बघण्यासारखं. पण आत्याचा मुद्दा गर्दीचा नव्हता, हे मला उशिरा लक्षात आलं. तिला गाव आपापल्या कामात असताना बघायचं होतं.

आत्या : तुझ्या मेमधली फुलं छानच असतील. पण फुलं बघणाऱ्याचं काम बघणं. त्या मुलखातल्या माणसांचं काम थंडीत चालतं. ऑलिव्ह उतरवून, गाळून नवं तेल नुकतंच आलेलं असतं. ओकच्या रानात काळी डुकरं सोडलेली असतात. पानगळीपासून फेब्रुवारीपर्यंत ती खाली पडलेले ओकचे दाणे खाऊन लठ्ठ होतात. संत्री झाडावर पिकलेली. सगळा माळ हिरवागार, तुझ्या उन्हाळ्यात तो वाळलेल्या गवतासारखा पिवळा होतो. करकोचे जानेवारीपासून घरटी सावरायला लागतात.

मी : डुकरं बघायला आपण युरोपात जाणार?

आत्या : तू बुचाची झाडं बघ. साल काढली की खोडावर वर्षाचा शेवटचा आकडा रंगवून ठेवतात, म्हणजे नऊ वर्षं होईपर्यंत त्या झाडाला पुन्हा कुणी कुऱ्हाड लावत नाही. तुला आकडे आवडतात.

(हे तिनं लबाडीनं म्हटलं आणि ते लागू पडलं. नंतर तक्त्यात मी ‘बुचाचं रान’ अशी ओळ वाढवली.)

आत्या : आणि विद्यापीठ. 1559 साली जेझुइटांनी काढलं, 1759मध्ये त्यांना देशातून हाकललं तेव्हा बंद पडलं, पुन्हा विद्यापीठ व्हायला 1970चं दशक उजाडलं. वर्गांच्या भिंतींवर टाइल्सची चित्रं आहेत, ज्या खोलीत जो विषय शिकवायचे त्याची. आणि आजची मुलं त्याच खोल्यांत बसतात. मला रिकामा वर्ग नाही बघायचा. आयुष्यभर सुट्टीतली शाळा बघून मला कसंतरी व्हायचं.

मी : मेमध्ये वर्ग चालू असतात. उलट जानेवारीत त्यांच्या सहामाही परीक्षा.

आत्या : परीक्षा? मग तर जाणारच. टाइलवर अॅरिस्टॉटल आणि खाली नखं कुरतडणारी मुलं.

एका जागेवर मात्र मी अडून बसलो. गावापासून पंधराएक किलोमीटरवर आल्मेंद्रेस इथे बुचाच्या रानात नव्वदहून जास्त उभे दगड आहेत, वर्तुळासारखे मांडलेले, सातेक हजार वर्षांपूर्वीचे. शेवटचा रस्ता कच्चा. थंडीच्या पावसात त्याचा चिखल होणार. आत्याचे दोन्ही गुडघे नाजूक. गावातल्या रस्त्यांवरचे गुळगुळीत दगडी तुकडे ओले झाले की चांगला माणूस घसरतो, तिथे चिखल म्हणजे मी सही करणार नाही असं सांगितलं. त्यावर ती म्हणाली, सात हजार वर्षं थांबलेत, आठ दिवस पाऊस पडला तर आपणही थांबू. मग म्हणाली, नाहीच जमलं तर राहिलं. हे ‘राहिलं’ तिनं इतकं सहज म्हटलं की मला जरा चमत्कारिक वाटलं. माझ्या तक्त्यात ‘राहिलं’ असा रकानाच नव्हता.

गुडघ्यांवरून विषय हाडांच्या चॅपेलवर गेला. सतराव्या शतकात गावातली कबरस्तानं भरून गेली, तेव्हा फ्रान्सिस्कन साधूंनी हाडं उकरून त्यांच्या भिंती आणि खांब मढवले. सुमारे 5000 माणसांची हाडं असावीत असं म्हणतात. दारावरच्या लेखाचा मतलब असा की आत असलेली हाडं तुमच्या हाडांची वाट बघताहेत. मला वाटलं होतं, आत्या हे वगळ म्हणेल.

आत्या : वगळायचं कशाला? आपल्या किल्ल्यात फ्रान्सिस्कनांच्या चर्चमध्ये आपण थडग्यांच्या दगडांवरूनच चालतो की. मुलं त्यावर बसून पोळीभाजी खायची. मी ओरडायचे, मग वाटायचं, असू दे, खालच्याला तेवढीच सोबत.

पोळीभाजीवरून जेवण निघालं. मला वाटलं इथे तरी ती माघार घेईल, कारण आत्या मासे खाते पण डुकराच्या वाटेला जात नाही आणि आलेंतेझूचं अर्धं स्वयंपाकघर डुकरावर चालतं. ती म्हणाली, उरलेलं अर्धं पावावर चालतं. लसूण, मीठ आणि कोथिंबीर खलबत्त्यात वाटायची, त्यावर ऑलिव्हचं तेल, उकळतं पाणी, त्यात शिळा पाव आणि वर पाण्यात शिजवलेलं अंडं. त्याला असोर्डा म्हणतात. गरिबाचं जेवण, फोडणीच्या पोळीचं भावंडच. युरोपात कोथिंबिरीला इतका मान देणारा मुलूख दुसरा शोधून सापडायचा नाही. हे मेमध्ये खाता येतं हे मला मान्य, तिलाही मान्य, पण कढत पाण्यातला लसणीचा पाव कुठल्या हवेत खावा यावर आमचं भांडण होऊ शकलं नाही.

आत्या : आणि भाषेचं काय घाबरतोस? पाव, बालदी, कोबी... सगळं त्यांचंच आहे आपल्याकडे. चावी माग.

मी : चावीला ते ‘शाव’ म्हणतात. विमानतळावर मी ‘चावी’ म्हणालो तर त्याला कळलं नव्हतं.

आत्या : आता ‘शाव’ म्हणतात. चारशे वर्षांपूर्वी ते ‘च’च म्हणायचे. त्यांचा उच्चार बदलला, आपला राहिला. गार्सिया द ओर्ता आपल्या चावीला चावीसारखंच काहीतरी म्हणत असणार.

अखेर ओर्ता आलाच. तो येणार हे मला ठाऊक होतं. आत्याच्या या प्रवासाच्या मुळाशी तोच आहे. एव्होराच्या उत्तरेला शंभराहून जास्त किलोमीटरवर कास्तेलो द विदे नावाचं डोंगरी गाव आहे. ओर्ता तिथला, धर्म बदलायला लावलेल्या ज्यू घरातला वैद्य. 1534च्या मार्चमध्ये तो लिस्बनहून निघाला आणि सप्टेंबरात गोव्याला पोचला. त्याच वर्षाअखेर वसई पोर्तुगीजांच्या हातात गेली. दोन वर्षांनी, 1536मध्ये, एव्होरात इन्क्विझिशनचं न्यायासन बसलं. त्याची इमारत अजून त्या रोमन देवळासमोरच आहे, आता तिथे चित्रांची प्रदर्शनं भरतात. शिक्षांचे सोहळे मुख्य चौकात व्हायचे, जिथे आज लोक कमानींखाली कॉफी पितात.

मी : म्हणजे ओर्ता वेळेवर निसटला.

आत्या : दोन वर्षांच्या फरकानं. पण ते लोक त्याच्या मागून आले. 1560 साली गोव्यात न्यायासन सुरू झालं. 1568मध्ये तो गेला. पुढच्याच वर्षी त्याच्या बहिणीला जिवंत जाळलं. आणि 1580मध्ये त्याची हाडं उकरून जाळली. एका गावात पाच हजारांची हाडं भिंतीला लावून जपली, आणि याची एकट्याची जपवली नाहीत. आता सांग, हाडांचं चॅपेल वगळू?

मी काही बोललो नाही. पाऊस जरा कमी झाला होता.

आत्या : ओर्ता परत गेलाच नाही. तू मघापासून हंगाम हंगाम करतोयस, पण त्या लोकांच्या हातात हंगाम होता का? मोसमी वारा सांगेल तेव्हा निघायचं. लिस्बनहून मार्च-एप्रिलमध्ये. आणि इकडून परतीची जहाजं सुटायची ती डिसेंबर-जानेवारीतच.

मी : ती पोचायची उन्हाळ्यात. सहा महिन्यांनी.

आत्या : आपण एका दिवसात पोचतो, एवढाच फरक. ती चार जपानी मुलं ऐकली आहेस? 1582मध्ये जपानहून निघाली, पोपला भेटायला. 1584मध्ये एव्होरात आली तेव्हा त्यातल्या दोघांनी कॅथेड्रलमधला ऑर्गन वाजवला. लोक थक्क झाले. परत जाताना गोव्यात त्यातल्या एकानं लॅटिनमध्ये भाषण केलं. पोरसवदा मुलं, दोन वर्षं वाटेत. आणि तू मला संध्याकाळी साडेपाचचा अंधार सांगतोस.

आता वादाला काही अर्थ राहिला नव्हता, पण मी एक शेवटचा डाव टाकला. ओर्ताचं पुस्तक 1563मध्ये गोव्यात छापलं गेलं, भारतातल्या औषधी आणि फळांवरचं. ते आहे दोन माणसांच्या संवादात : एक तो स्वतः आणि दुसरा रुआनो नावाचा, त्यानंच कल्पलेला, नुकताच युरोपातून आलेला वैद्य. रुआनोला सगळं पुस्तकातलं ठाऊक, ओर्ताला बघितलेलं. आत्याकडे मार्कमच्या 1913 सालच्या इंग्रजी भाषांतराची झेरॉक्स आहे, कडा पिवळ्या पडलेल्या. मी ती काढून आंब्याचं प्रकरण उघडलं. मुंबई बेट तेव्हा ओर्ताकडे खंडानं होतं. टाउन हॉलच्या मागे, आता नौदलाच्या हद्दीत, त्याचं घर होतं. दोघे बोलत बसलेले असताना त्याचं मुंबईचं कूळ होडीतून आंब्यांची करंडी घेऊन येतं. आणि ओर्ता पाहुण्याला सांगतो की माझ्या बेटावर एक झाड आहे, ते वर्षाला दोनदा फळतं, एकदा आत्ता आणि एकदा मेअखेर.

मी : आणि पुढे काय म्हणतो बघ. वासाला आणि चवीला मेचा आंबाच सरस. तुझाच ओर्ता. मे.

आत्यानं चष्मा मागितला नाही, झोपाळाही थांबवला नाही.

आत्या : थांबलास कुठे? वाक्य पुरं कर.

मी पुरं केलं. तो म्हणतो, चवीत तो सरस, पण हा अवेळी आला म्हणून याचं अप्रूप तितकंच.

आत्या : चार दिवस धरलेस की पाच?

जानेवारीचा शेवट आणि फेब्रुवारीची सुरुवात, असं मी लिहिलं. तेवढ्यात दिवस अर्ध्या तासानं वाढतो. तळमजल्याची खोली, तापणारी. शेकायच्या दोन रबरी पिशव्या, घरच्याच. आल्मेंद्रेस रस्ता कोरडा असेल तर, कास्तेलो द विदेला गाडी करून. मला अजून मे महिनाच बरा वाटतो, हे मी तिला सांगितलं आणि इथेही लिहून ठेवतो.

मी : चार. पुरतील.

आत्या : पाच कर. एक पावसात जाईल.